सनदेतून निघालेले सरदार

स्थानिक राजाला गादीवर ठेवायचं आणि त्याच्या शेजारी आपला रेसिडेंट बसवायचा, ही इंग्रजांची रीत पुण्या-साताऱ्याला नवी नाही. मद्रासमध्ये जन्मलेल्या आणि हिंदुस्थानात फौजी नोकरी केलेल्या फ्रेडरिक लुगार्डने तीच उत्तर नायजेरियात नेली. १९०३ मध्ये सोकोतो हे तिथलं मुस्लिम राज्य पडलं, पण अमीर म्हणजे तिथले राजे, त्यांचे काझी आणि करवसुली बऱ्याच अंशी तशीच चालू राहिली. मूठभर गोरे अधिकारी, कमी खर्च आणि जनतेचा रोष झेलायला अमीर! उत्तरेत हे चाललं, कारण तिथे मुळात राज्यसंस्था होती.

आग्नेयेकडच्या इग्बो मुलखात ती नव्हती. ‘इग्बो एन्वे एझे’, इग्बोंना राजा नसतो, ही तिथली जुनी म्हण. गावचे निर्णय वडीलधारे, भाऊबंद आणि बायकांच्या सभा घेत. पण सरदाराशिवाय सरकारचं अडलं, म्हणून सरदार तयार केले गेले. एखाद्याला सनद द्यायची, टोपी द्यायची, न्यायनिवाड्याला बसवायचं. हे ‘वॉरंट चीफ’. गावाने न निवडलेला माणूस दंड ठोकू लागला, वेठीला माणसं धरू लागला, आणि याचंच नाव ‘रूढीनुसार राज्य’.

१९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. त्याआधी मोजणी झाली होती. त्यामुळे नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात ओकुगो या सरदाराचा माणूस न्वान्येरुवा या विधवेच्या दारात आला आणि ‘शेळ्या-मेंढ्या, माणसं मोज’ म्हणाला, तेव्हा ती समजायचं ते समजली. ती पामतेल काढत होती. ‘तुझ्या आईला मोजलं होतं का?’ असं तिने विचारलं आणि झटापट झाली.

निरोप म्हणून ताडाची पानं गावोगाव फिरली. बायका ओकुगोच्या अंगणात ठाण मांडून बसल्या. उन्मत्त पुरुषाला वठणीवर आणायची ही त्यांची जुनी पद्धत: रात्रंदिवस नाच, त्याचे वाभाडे काढणारी गाणी, मुसळांनी भिंती बडवणं. त्यांनी मागितली त्याची टोपी. अधिकार कुठून आला हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ओकुगोला दोन वर्षांची कैद झाली, पण लोण पसरलं. सरकारी न्यायालयं जाळली गेली. डिसेंबरात ओपोबो आणि इतरत्र सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पन्नासहून अधिक बायका मेल्या.

चौकशीनंतर सनदी सरदारांची पद्धत मोडीत निघाली. सरकारी कागदात या प्रकरणाचं नाव, आबा या शहरावरून, ‘आबाचा दंगा’ आहे. इग्बो लोक त्याला ‘बायकांचं युद्ध’ म्हणतात.