उभ्या गाडीची बॅटरी का मरते?

‘गाडी महिनाभर जागची हलली नाही, मग बॅटरी गेली कशी?’ २०२० च्या टाळेबंदीनंतर हा प्रश्न अनेक पार्किंगमध्ये ऐकू आला. आजही मे महिन्यात गावी जाऊन परतलेली मंडळी तोच विचारतात. वापर नाही म्हणजे झीज नाही, हा समज बॅटरीला लागू पडत नाही.

किल्ली काढली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म हे थोडाथोडा करंट घेतच राहतात. तो ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, ३० दिवसांत साडेएकवीसच्या वर. लहान गाडीच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर मावतात साधारण ३५ अँपिअर-तास. सेल्फ मारल्यावर नुसती कट-कट ऐकू येते, ती यामुळेच.

एवढंच असतं तर चार्ज करून भागलं असतं. खरी गंमत पुढे आहे. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या शिशाच्या आणि लेड डायऑक्साइडच्या अशा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजे स्फटिक इतके बारीक असतात की चार्जिंग लावलं की ते विरघळतात आणि प्लेट पूर्ववत होते. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर बारीक स्फटिक विरघळत जातात आणि तेच लेड सल्फेट मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं. कारण लहान कणाला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून पृष्ठभागाची ऊर्जा जास्त, म्हणून विद्राव्यताही किंचित जास्त. डीप फ्रीझरमध्ये बरेच दिवस राहिलेलं घरचं आइस्क्रीम खरखरीत होतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे. रसायनशास्त्राचं १९०९ चं नोबेल मिळवणाऱ्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांचं नाव या प्रक्रियेला दिलेलं आहे.

त्यात भर अशी की बॅटरी उतरताना सल्फ्युरिक आम्ल पातळ होतं, आणि पातळ आम्लात लेड सल्फेट जास्त विरघळतं. म्हणजे बॅटरी जितकी उतरलेली, तितकी स्फटिकांची वाढ जोरात. उन्हाळ्यात तापमानामुळे तिला आणखी वेग येतो. हे मोठे, टणक स्फटिक मग चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. मेकॅनिक याला ‘सल्फेशन’ म्हणतात.

बॅटरी जमिनीवर ठेवली की जमीन करंट ओढून घेते, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. प्लॅस्टिकच्या डब्यातून करंट जमिनीत जात नाही. मेलेली बॅटरी जिवंत करणाऱ्या पावडरीही बाजारात मिळतात. त्यांवर पैसे घालवू नका. जुनं सल्फेशन झालेली प्लेट त्यांनी नवी होत नाही.

रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्यानेही फारसं साधत नाही. स्टार्टरने खाल्लेला करंट भरून निघतो, पण शेवटचा २० टक्के चार्ज चढायला काही तास लागतात. शिवाय इंजिन पुरेसं तापत नाही आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठत जातो.

महिन्याभरासाठी गाडी ठेवायची असेल तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. मग काळी, म्हणजे ऋण टोकाची वायर काढून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात तो चिकटतो. गाडी गियरमध्ये घालून चाकाला दगड लावा. परत आल्यावर सेल्फ मारण्याआधी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. १२.४ च्या खाली असेल तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा.