एव्होरा, सेझारिया

एव्होरा, सेझारिया : (२७ ऑगस्ट १९४१ – १७ डिसेंबर २०११). अटलांटिक महासागरातील केप व्हर्द या द्वीपराष्ट्राच्या जगप्रसिद्ध गायिका. ‘मोर्ना’ हा तिथल्या संथ, विरहगीतांचा प्रकार त्यांच्यामुळे जगभर पोहोचला. वयाच्या सोळाव्या वर्षापासून बंदरावरच्या बारमध्ये गाणाऱ्या सेझारियांना जगाने ऐकले तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांचा गळा तोच होता आणि गाणीही बहुतांशी त्याच धाटणीची होती. म्हणून त्यांच्या उत्कर्षाची हकिकत सांगताना त्यांचे गाणे श्रोत्यांपर्यंत कोणत्या वाटेने गेले, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

केप व्हर्दची दहा बेटे सेनेगलच्या पश्चिमेला सुमारे ६०० किमी.वर आहेत. पाऊस अत्यंत कमी, जमीन खडकाळ. पंधराव्या शतकापासून ५ जुलै १९७५ पर्यंत तिथे पोर्तुगालची सत्ता होती. दुष्काळ पाचवीला पुजलेला. १९४० च्या दशकात तर हजारो माणसे भुकेने मेली. त्यामुळे पोट भरायचे तर बोट पकडायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले. आज बेटांवर जितके लोक आहेत त्याहून अधिक बाहेर आहेत, असे मानले जाते. सेझारियांचे गाव मिंदेलो हे साऊं व्हिसेंत बेटावरचे खोल पाण्याचे नैसर्गिक बंदर. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश कंपन्यांनी तिथे वाफेच्या जहाजांसाठी कोळशाची कोठारे उभारली. खलाशी आले, पाठोपाठ गुत्ते आले आणि ब्राझीलकडच्या गिटारच्या चालीही आल्या. त्या चालींमधले अर्धस्वर मोर्नात रुजवण्याचे श्रेय ज्या रचनाकाराला दिले जाते ते बी. लेझा (मूळ नाव फ्रान्सिस्कु शाव्हिएर द क्रुझ) हे सेझारियांचे नातलग होते.

मोर्ना क्रेओल (पोर्तुगीज व आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेल्या) बोलीत गातात. साथीला गिटार, चार तारांचे लहानसे कावाकिन्यो, व्हायोलिन, पुढे पियानोही. विषय बहुधा ताटातूट, समुद्र आणि मागे राहिलेले गाव. गोव्यातल्या वाचकांना संथ लय आणि व्हायोलिनची साथ ऐकून तिथला मांडो हा गीतप्रकार आठवेल. दोन्ही प्रकार पोर्तुगीज अमलाखाली वाढले, एवढे साम्य खरे. कोलादेरा हा मोर्नाचा चपळ, थट्टेखोर भाऊबंद. सेझारिया दोन्ही गात. नाव झाले ते मोर्नामुळे.

वडील जुस्तिनु द क्रुझ वादक होते. सेझारिया सात वर्षांच्या असताना ते वारले. आई घरोघरी स्वयंपाक करी. पोरांचे पोट भरेना म्हणून दहाव्या वर्षी सेझारियांना अनाथालयात ठेवावे लागले. सोळाव्या वर्षी एका गिटार वाजवणाऱ्या खलाशाच्या ओळखीतून त्या बारमध्ये गाऊ लागल्या. गाव त्यांना ‘सिझ’ म्हणे. बंदरात आलेल्या पोर्तुगीज जहाजांवरही त्यांना गायला बोलावत. मोबदला म्हणजे थोडे पैसे, पुष्कळदा नुसता पेला. १९६० च्या दशकात मिंदेलोच्या रेडिओ बार्लाव्हेंतुने त्यांची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ही जुनी ध्वनिमुद्रणे २००८ मध्ये ‘रेडिओ मिंदेलो’ या नावाने पुन्हा बाजारात आली. ती मुद्दाम ऐकावीत. विशीतला आवाज जरा पातळ आहे. पण शब्द तालाच्या किंचित मागे सोडण्याची लकब, हरकती-मुरक्यांचा मोह टाळणे आणि दुःख सांगताना सूर न चढवणे हे सगळे तेव्हाच पक्के झालेले आहे. प्रसिद्धीनंतर त्यांना कुणी ‘घडवले’ असे म्हणणाऱ्यांना हे ध्वनिमुद्रण पुरेसे उत्तर आहे.

बंदराची रया गेली होतीच. स्वातंत्र्यानंतर मिंदेलोच्या रात्रीही ओसरल्या. सेझारियांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर गाणे सोडले. मुले पदरात, हाताला काम नाही आणि दारूचे व्यसन. सुमारे दहा वर्षे त्या जवळजवळ घराबाहेरच पडल्या नाहीत. १९८५ मध्ये केप व्हर्दच्या महिला संघटनेने लिस्बनमध्ये काही गायिकांची गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली, तेव्हा त्या पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिल्या. पुढे ज्येष्ठ गायक बाना यांनी त्यांना लिस्बनमधल्या आपल्या उपाहारगृहात गायला बोलावले. तिथेच १९८७ मध्ये जुझे दा सिल्वा यांनी त्यांना ऐकले. दा सिल्वा मूळचे केप व्हर्दचे. फ्रान्समध्ये ते रेल्वेत सांधे बदलण्याचे काम करीत आणि आवडीपोटी संगीताचे कार्यक्रम भरवीत. त्यांनी सेझारियांना पॅरिसला येण्याची गळ घातली. ‘फ्रेंच निर्मात्याने शोधून काढलेली गरीब गायिका’ अशी जी गोष्ट पुढे रंगवली गेली, ती म्हणूनच अपुरी वाटते. या वाटेवरची पहिली तिन्ही पावले स्थलांतरित केप व्हर्दवासीयांनी आणि मायदेशातल्या बायकांच्या संघटनेने टाकलेली आहेत.

यश लगेच आले नाही. १९८८ च्या ‘ला दिव्हा ओ पिए न्यू’ (अनवाणी गानसम्राज्ञी) या पहिल्या पॅरिसकृत अल्बममध्ये त्या काळच्या नाचाच्या फॅशनप्रमाणे विजेवरची वाद्ये होती. स्थलांतरितांमध्ये तो चालला. फ्रेंच श्रोत्यांनी फारशी दखल घेतली नाही. १९९० च्या ‘दिस्तिनु दि बेलिता’मध्ये दोन्ही तऱ्हा होत्या : कोलादेरा विजेच्या वाद्यांवर, मोर्ना साध्या वाद्यांवर. मग दा सिल्वांनी एक निर्णय घेतला. १९९१ चा ‘मार आझुल’ त्यांनी जवळजवळ संपूर्ण साध्या लाकडी वाद्यांवर केला, मिंदेलोच्या बारमध्ये वाजत तसा. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आंगुलेमच्या महोत्सवात त्या गायल्या, वृत्तपत्रांनी लिहिले, फ्रेंच नभोवाणी गाणी लावू लागली. वेळही जुळून आली होती. १९८७ मध्ये लंडनमधल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ असे नाव ठरवून युरोपबाहेरच्या गाण्यांसाठी दुकानात स्वतंत्र फळी मागितली होती. त्या फळीवर मोर्नाला जागा मिळाली. पण त्याच फळीवर आलेल्या असंख्य गायकांमधून लोकांनी सेझारियांना निवडले, याचे कारण आवाज आणि साथ यांच्यामधली मोकळी जागा हे असावे. या गाण्यात श्वास ऐकू येतो.

१९९२ चा ‘मिस पेर्फुमादु’ हा कळस. पाउलिनु व्हिएरा यांचे संगीतसंयोजन असलेल्या या अल्बमच्या तीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यातले ‘सोदाद’ (विरहाची हुरहूर) हे गाणे त्यांची ओळख बनले. साऊं निकोलाऊ बेटावरून साऊं तोमे या आफ्रिकेजवळच्या तेव्हाच्या पोर्तुगीज बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत कंत्राटी मजूर म्हणून जाणाऱ्यांना निरोप देण्यासाठी १९५० च्या दशकात ते रचले गेले. अंगोलाचे गायक बोंगा यांनी सेझारियांच्या कितीतरी आधी ते गायले होते. जगभर गाजल्यावर रचनाकार म्हणून भलत्यांचीच नावे छापली गेली. साऊं निकोलाऊचे आर्मांदु झेफेरिनु सुआरिश हेच खरे रचनाकार, हे मान्य व्हायला पुढे न्यायालयाचा निकाल लागला.

१९९३ मध्ये पॅरिसच्या ओलिंपिया रंगमंदिरात त्या गायल्या. १९९५ च्या ‘सेझारिया’ अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले आणि अमेरिकेतले दौरे सुरू झाले. मंचावर त्या अनवाणी येत. त्याचा अर्थ गरिबांशी बांधिलकी असा लावला जातो. मिंदेलोतही त्या तशाच वावरत. कार्यक्रमाच्या मध्यावर वादक एखादी धून धरत आणि त्या मंचावरच्या छोट्या टेबलाशी बसून निवांत सिगारेट ओढत. हजारो प्रेक्षक गप्प बसून पाहत. हावभाव नाहीत, निवेदन नाही. झुरका संपला की उठून पुढचे गाणे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी दारू सोडली, सिगारेट सुटली नाही.

‘काफे अटलांटिको’ (१९९९) मध्ये क्यूबा व ब्राझीलच्या वादकांची साथ आहे. ‘साऊं व्हिसेंत दि लाँझ’ (२००१) मध्ये ब्राझीलचे काएतानु व्हेलोझु आणि क्यूबाचे पियानोवादक चुचो व्हाल्देस आहेत. दोन्ही देखणे, तरी ‘मार आझुल’चा साधेपणा त्यांत नाही. २००३ च्या ‘व्होझ दामोर’ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मिळालेल्या पैशांतून त्यांनी मिंदेलोत मोठे घर घेतले. त्याचे दार आल्यागेल्याला उघडे असे आणि येणारा सहसा जेवूनच जाई. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरही ‘न्या सेंतिमेंतु’ (२००९) हा अल्बम निघाला. २०१० मध्ये हृदयशस्त्रक्रिया झाली, सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि तीन महिन्यांतच मिंदेलोत त्यांचे निधन झाले.

साऊं व्हिसेंतच्या विमानतळाला २०१२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. देशाच्या २,००० एस्कुदोच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने मोर्नाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. लुरा, मायरा आंद्राद, एलिदा आल्मेदा या नंतरच्या गायिका मोर्नापुरत्या थांबलेल्या नाहीत. सांतियागो बेटाचे बातुकु आणि फुनाना हे ताल घेऊन त्या युरोपच्या मंचांवर क्रेओलमध्ये गात आहेत.