ओले मोजे, थंड नाक

“आधी डोकं कोरडं कर, नाहीतर सर्दी होईल.” पावसाळा सुरू झाला की हे वाक्य ऐकू येत नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. आजी म्हणायची, आई म्हणायची, आणि आता मुलगा शाळेतून भिजून आला की टॉवेल घेऊन मीही तेच म्हणते. पुस्तकं मात्र सांगतात की सर्दी विषाणूंमुळे होते, पावसाच्या पाण्यामुळे नाही. मग इतक्या पिढ्यांच्या आया चुकतच होत्या का? शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा खरोखर पाठपुरावा केला आहे, आणि तो करताना आपलं शरीर विषाणूंशी कसं वागतं, याचाही बराच उलगडा झाला.

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावाजवळ १९४६ साली सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र सुरू झालं. महायुद्धात अमेरिकेकडून मिळालेल्या इस्पितळाच्या बराकी रिकाम्या होत्या, तिथे. स्वयंसेवकांनी दहा दिवस येऊन राहायचं, खायचं-प्यायचं, फिरायचं आणि नाकात थेंब टाकून घ्यायचे. काहींच्या थेंबांत विषाणू असत, काहींच्यात नसत. लोक सुट्टी घालवायला यावेत तसे तिथे येत. याच ठिकाणी काही जणांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या अंगाने गारठ्यात, वाऱ्याच्या बोळात अर्धा तास उभं केलं गेलं. वर ओले मोजे घालायला लावले. पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावर निष्कर्ष निघाला की, गारठल्यामुळे सर्दी वाढते असं दिसत नाही. आयांचा मुद्दा तिथेच निकाली निघाला, असं बराच काळ मानलं गेलं.

पण २००५ साली वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात वेगळा प्रयोग झाला. १८० जणांपैकी निम्म्यांनी वीस मिनिटं थंड पाण्यात पाय बुडवले, उरलेल्यांनी रिकाम्या भांड्यात पाय ठेवले. कुणाच्याही नाकात विषाणू टाकला नव्हता. पुढच्या चार-पाच दिवसांत थंड पाण्यातल्या ९० पैकी १३ जणांनी सर्दीची तक्रार केली, दुसऱ्या गटात फक्त ५ जणांनी. हा प्रयोग लोकांच्या सांगण्यावर आधारलेला होता, विषाणूची तपासणी केलेली नव्हती, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. तरी एक शक्यता पुढे आली. पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्याही आकसतात, आणि नाकात आधीच दबा धरून बसलेल्या विषाणूचं फावत असावं.

तिसरा धागा २०१५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून आला. सर्दीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो शरीराच्या ३७ अंश तापमानापेक्षा नाकातल्या ३३ ते ३५ अंशांत जास्त जोमाने वाढतो, हे पूर्वीपासून माहीत होतं. त्याला गारवा मानवतो, असाच समज होता. येलच्या संशोधकांनी उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशी घेऊन पाहिलं, तर फरक पेशींतही होता. थंडाव्यात त्यांचा बचावच मंदावत होता.

हा बचाव कसा चालतो, ते जरा सावकाश पाहू, कारण मला यातलं सगळ्यात विलक्षण तेच वाटतं. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सापडला. विषाणू शिरलेली पेशी तो बाहेर सोडते. जुन्या वाड्यात एका बिऱ्हाडात चोर शिरावा आणि त्या घरच्यांनी “कड्या लावा रे” म्हणून ओरडावं, तसं हे आहे. ज्या पेशीत विषाणू शिरला ती बहुधा वाचत नाही, पण तिची हाक ऐकून शेजारच्या पेशी विषाणूची नक्कल होऊ न देण्याची तयारी करतात. यात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची वाट पाहावी लागत नाही. नाकाच्या अस्तरातली अगदी साधी पेशीही हे करते. येलच्या प्रयोगात ३३ अंशांना ही हाक क्षीण पडली, ३७ अंशांना ती खणखणीत होती.

म्हणजे विषाणूच नसेल, तर कितीही भिजलं तरी सर्दी होणार नाही. तो नाकापर्यंत पोचलेला असेल, तर थंड नाक त्याला थोडी मोकळीक देत असावं. आईचं वाक्य निम्मं तरी खरं असावं, असं मला वाटतं.

आता एक गोष्ट, जी कळल्यावर माझा आजारपणाकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराचा अगदी थोडा भाग बिघडवतो. वाहणारं नाक, शिंका, खवखवणारा घसा, जड डोकं हे बहुतांश आपल्याच शरीराचं काम असतं. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी ऊतींत येतात, नाक चोंदतं. तापही आपणच आणतो. पांढऱ्या पेशींनी सोडलेले संदेश मेंदूपर्यंत गेले की शरीराचं तापमान ठरवणारं केंद्र पातळी वर चढवतं, म्हणून हुडहुडी भरते आणि पांघरूण हवंसं वाटतं. चार दिवसांनी शेंबूड हिरवट झाला की पुष्कळ पालक घाबरतात आणि अँटिबायोटिक मागतात. तो हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या लोहयुक्त विकराचा असतो. नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग झाला असं म्हणता येत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. औषधाच्या दुकानातून तीन गोळ्यांची पट्टी आणून घेतल्याने सर्दी एक दिवसही लवकर जात नाही. उलट पोटातले आणि घशातले जिवाणू त्या औषधाला सरावतात, आणि पुढे खरंच न्यूमोनिया झाला तर तेच औषध निकामी ठरू शकतं. हे मला फार गंभीर वाटतं.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं लिहिलेल्या बाटल्या दिसल्या की मी थांबून विचारते, नक्की काय वाढवायचं? नाक आणखी वाहायला हवं आहे का? ॲलर्जी, दमा, संधिवात यांत हीच यंत्रणा नको तिथे किंवा गरजेपेक्षा जास्त चेतलेली असते. तिला योग्य वेळी चेतता आणि वेळेवर शांत होता आलं पाहिजे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत. रोज घेतल्या तरी सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, फक्त तिचा काळ किंचित घटतो. पेरू आणि आवळा खाणाऱ्याने त्यावर पैसे घालवू नयेत. सुंठीचा काढा, गवती चहा जरूर घ्यावा, घशाला बरं वाटतं. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ मात्र देऊ नये, भाजण्याचे अपघात होतात.

झोपेचं तसं नाही. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या झोपेची आठवडाभर मनगटी यंत्राने नोंद घेतली आणि मग त्यांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब टाकले. रोज सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला मुलांना उठवताना हा आकडा मला आठवतो.

सर्दी पुन्हा पुन्हा का होते? आपली यंत्रणा विसरते म्हणून नव्हे. पहिल्या हाकेनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत त्या विषाणूवर नेमकी बसणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि त्याची ओळख राहते. पण ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून जास्त प्रकार आहेत. एकाची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. बालवाडीतलं मूल वर्षात सहा-आठ वेळा सर्दीने बेजार होतं, ते अशक्त असतं म्हणून नाही. ते एकेका प्रकाराची ओळख करून घेत असतं.

विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक नामी प्रयोग झाला होता. सर्दी झालेले आणि न झालेले लोक बारा तास एकत्र पत्ते खेळले. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांना नाका-डोळ्यांना हात लावता येऊ नये असे पट्टे बांधले होते. तरी दोन्ही गटांत निम्म्याहून जास्त जणांना लागण झाली. पुढे शेंबडाने बरबटलेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीतल्या लोकांना दिले, चेहऱ्याला मुद्दाम हात लावायला सांगितलं, आणि कुणालाही लागण झाली नाही. हातांवाटे सर्दी पसरते हे दाखवणारे प्रयोगही आहेत, म्हणून हात धुणं सोडायचं नाही. पण पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेला शाळेचा वर्ग किंवा ऑफिसची एसी खोली यांतल्या हवेचा विचार आपण फार कमी करतो. एखादी खिडकी उघडी ठेवावी. शिंका येत असतील त्याने मास्क लावावा.

हात धुताना साबणच घ्यावा. फ्लू आणि करोना यांच्या विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने आणि सॅनिटायझरने फुटतं. ऱ्हायनोव्हायरस आणि जुलाब करणारा नोरोव्हायरस यांना असं आवरणच नाही, त्यांच्यावर अल्कोहोल तितकंसं चालत नाही. ते वाहत्या पाण्याखाली चोळूनच घालवावे लागतात.

आपल्याकडे पावसाळ्यातला प्रत्येक ताप मात्र ‘व्हायरल आहे’ म्हणून अंगावर काढू नये. डेंगीही याच दिवसांत येतो. तपासणी होईपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावं. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावं, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. धाप लागत असेल तर ताप असो वा नसो, थांबू नये.

राहता राहिला फ्लू. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हाची धास्ती पुणेकर विसरलेले नाहीत. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नवी घ्यावी लागते. युरोप-अमेरिकेत ती हिवाळ्याच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या सुमारास देतात. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. लस घेतल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घरात साठीच्या पुढचं कुणी, गरोदर बाई, लहान मूल, मधुमेहाचा किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर मे संपायच्या आत डॉक्टरांना लशीबद्दल विचारून घ्यावं.