लेआउट टाकण्याआधी झाडं मोजून घ्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नागपुरात उमरेड रोड, काटोल रोड किंवा गोरेवाड्याच्या बाजूला जमीन घेतलेले ग्राहक आमच्याकडे आले की पहिला प्रश्न ठरलेला: प्लॉट किती पडतील? आम्ही आधी झाडं मोजतो. रस्ता कागदावर असेपर्यंत दोन मीटर सरकवायला काही लागत नाही. गिट्टी पडल्यावर लागतं.

परवानगी : झाड तुमच्या जमिनीत असलं तरी तोडायला परवानगी लागते. शहरात १९७५ चा वृक्ष कायदा लागू आहे आणि अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं; ते पाडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. खेड्यातल्या जमिनीवर सागवान, मोह, चिंच, हिरडा अशा झाडांसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे.

कोणतं झाड राखायचं? शेंदूर लावलेल्या झाडाला जेसीबीवालाही हात लावत नाही, त्याची काळजी नको. जातो तो पोखरलेला बेहडा, नाहीतर अर्धा वाळलेला मोह. नेमक्या अशाच खोडांत ढोली, म्हणजे पोकळ्या, असतात. राखी धनेश या पक्ष्याची मादी उन्हाळ्यात ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर वड-पिंपळाची फळं आणून तिला भरवतो. आत असताना तिची उडायची पिसं गळलेली असतात, म्हणजे झाड पडलं तर तिला पळताही येत नाही. म्हणून मार्च ते जून आम्ही ढोलीच्या झाडाला हात लावत नाही, परवानगी हातात असली तरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरटी मोडणं शिकारीतच धरलं आहे. दहा रोपं लावून ढोली भरून निघत नाही. ती तयार व्हायला कित्येक दशकं जातात.

मुळांचं वर्तुळ : छातीच्या उंचीवर खोडाला सुतळी गुंडाळा. जेवढा घेर, त्याच्या चौपट अंतर खोडापासून चारही बाजूंनी मोकळं ठेवा. एक मीटर घेर असेल तर चार मीटर. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. या वर्तुळात नाली खोदायची नाही, सिमेंट कालवायचं नाही, आणि ओल्या काळ्या मातीवर टिप्पर तर मुळीच न्यायचा नाही, माती दबून घट्ट होते. सगळ्यात जास्त झाडं मरतात ती लेव्हल करताना बुडाशी टाकलेल्या मुरुमानं. मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच वाळत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं, आणि तोवर मुरूम कोणाच्या लक्षातही नसतो. काम सुरू होण्याआधी या वर्तुळावर बल्ल्या रोवून जाळी बांधा. चुन्याची रेघ ड्रायव्हर पाळत नाही.

पहिल्या भेटीला सातबारा आणि मोजणीची क प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा) आणा. झाडांची मोजदाद झाल्यावर प्रत्येक झाडाचा नंबर, घेर आणि ढोली असल्यास तिची खूण असलेला नकाशा आम्ही तुम्हाला देतो. त्याची एक प्रत जेसीबीवाल्याकडेही द्या.