पोलादाला पाणी देताना

नाताळ जवळ आला की हौसेने सुऱ्या बनवणारी मंडळी चिठ्ठ्या टाकतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी हाती येईल त्याच्यासाठी एक सुरी स्वतः घडवायची. आपल्यासाठी कोण घडवतंय, ते खोकं उघडेपर्यंत कळायचं नाही. खोकं उघडल्यावर कौतुक होतं ते मुठीच्या लाकडाचं, पितळी पिनांचं, पात्यावरच्या झिलईचं. दिसतं त्याचंच कौतुक होणार. पण ती सुरी धार धरून ठेवणार की महिनाभरात बोथट होऊन खणात पडणार, हे ठरलेलं असतं भट्टीतल्या काही मिनिटांत आणि त्यानंतर तेलातल्या काही सेकंदांत. नीट कडक झालेली सुरी आणि कच्ची राहिलेली सुरी घासूनपुसून शेजारी ठेवल्या, तर जाणकारालाही नुसतं बघून फरक सांगणं कठीण.

सुरुवात पोलादापासून. नवख्यांना बहुतेक वेळा 1084 नावाचं साधं कार्बन पोलाद घ्यायला सांगतात. या क्रमांकातले शेवटचे दोन आकडे कार्बनचं प्रमाण सांगतात: सुमारे 0.84 टक्के. 1095 मध्ये ते 0.95 च्या आसपास. एवढासा कार्बन, पण तो नसेल तर लोखंड कितीही तापवून विझवा, म्हणजे झटक्यात थंड करा, धार धरण्याइतकं कडक होत नाही. जुनी कानस किंवा गाडीच्या स्प्रिंगचा पाटा कापून सुरी करण्याची हौसही पुष्कळांना असते. स्वतःसाठी जरूर करावी. दुसऱ्याला द्यायची असेल तर मात्र मी नको म्हणेन, कारण पोलादात काय आहे तेच माहीत नसेल तर त्याला किती तापवायचं हा नुसता अंदाज उरतो.

आता आत डोकावू. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाकार चौकटीत बसलेले असतात: आठ कोपऱ्यांवर एकेक आणि पोटात एक. या रचनेत कार्बनला जवळपास जागाच नसते. सर्वांत जास्त मावतो तो 727 अंश सेल्सिअसला, आणि तोही जेमतेम 0.02 टक्के. उरलेला कार्बन लोखंडाशी संयोग पावून कार्बाइडच्या रूपात वेगळा बसतो. तापमान या आकड्यापलीकडे गेलं की चौकट बदलू लागते. पोटातला अणू जातो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक अणू येतो. गंमत अशी की ही नवी रचना आधीपेक्षा जास्त दाटीची आहे, तरीही कार्बन तिच्यात मावतो. आधी फटी पुष्कळ होत्या पण चिंचोळ्या. आता कमी, पण ऐसपैस. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात, ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्यावरून.

इथून पुढे सगळा खेळ वेगाचा. पोलाद हळूहळू निवू दिलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते आणि लोखंड व कार्बाइड यांचे एकाआड एक पातळ पापुद्रे तयार होतात. शेफील्डचे हेन्री सॉर्बी यांनी 1860 च्या दशकात पोलाद घासून, आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि धातूच्या अंतरंगाचा अभ्यास सुरू झाला. हे पापुद्रे मोत्याच्या शिंपल्यासारखे चमकतात, म्हणून त्या रचनेचं नाव पर्लाइट. ती चिवट असते, पण मऊ. उलट पोलाद झटक्यात थंड केलं तर कार्बन जिथल्या तिथे अडकतो. चौकट जुन्या आकारात परत जायला बघते, मधे कार्बन असल्याने जाऊ शकत नाही, आणि एका दिशेने ताणली जाऊन तशीच राहते. हे मार्टेन्साइट. जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांचं नाव त्याला मिळालं. ताणलेल्या चौकटीत अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून ते कमालीचं कडक असतं.

तेव्हा पातं 1084 चं असेल तर साधारण 815 अंशांपर्यंत तापवायचं, पाच-दहा मिनिटं तिथे धरायचं आणि तेलात बुडवायचं. विजेची भट्टी असेल तर बटण दाबून हे होतं. गॅसच्या छोट्या भट्टीवर काम करणाऱ्याला मात्र डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. दिवे मालवून पात्याकडे बघत राहिलं तर लाल चढत जातो आणि मग अचानक पात्यावर एक काळसर सावली दिसते. ती धारेकडून पाठीकडे सरकत जाते. भट्टी तर चालूच असते, मग पातं काळवंडतं कशाने? चौकट बदलायला ऊर्जा लागते. तेवढा वेळ आत येणारी उष्णता तापमान वाढवण्याऐवजी या बदलात खर्ची पडते, म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा मंद दिसतो. धार पातळ, म्हणून तिथे आधी. पाठ जाड, म्हणून तिथे शेवटी. सावली पुसली गेली की समजायचं, ऑस्टेनाइट झालं. पातं तेलात न बुडवता हवेतच निवू दिलं तर हीच गोष्ट उलटी घडते: निवता निवता ते क्षणभर पुन्हा उजळतं.

लोहचुंबकाची खूणही जुनी आहे. ऑस्टेनाइटला चुंबक ओढत नाही. पण चुंबक चिकटेनासं झालं म्हणजे रचना बदलली, एवढंच कळतं; कार्बन नीट विरघळायला अजून थोडं तापवावं लागतं. तिथे मिठाचा उपयोग होतो. साधं मीठ 801 अंशांना वितळतं, म्हणून चार खडे पात्यावर टाकले आणि ते पाघळले की आपण योग्य जागेच्या अगदी जवळ आहोत.

भीती असते ती पुढे जाण्याची. पोलादाचे कण, म्हणजे एकाच दिशेने रचलेल्या चौकटींचे पुंजके, जास्त तापात फुगत जातात, आणि मोठ्या कणांचं पोलाद चटकन मोडतं. म्हणून त्याच पट्टीचा एक तुकडा पात्याबरोबर तापवून, विझवून, शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून मोडून बघावा. मोडलेली कड राखाडी मखमलीसारखी दिसली तर ठीक. चमचम करणारे दाणे दिसले तर ताप जास्त झाला.

तेलात काय होतं ते बघू. सुमारे 540 अंशांच्या आसपास पर्लाइट सर्वांत झपाट्याने बनतं, त्या टप्प्यातून पात्याने निसटायचं असतं. 1095 साठी ही मुदत सेकंदभराचीच. 1084 मध्ये मँगनीज थोडं जास्त, त्यामुळे सवड किंचित अधिक. नवख्यांना ते सुचवण्याचं खरं कारण हे. अडचण अशी की लालबुंद पातं बुडताच त्याला टेकलेलं तेल उकळून वाफेचा थर बनतो आणि तोच थर उष्णता अडवतो. तापल्या चमच्यावर पाण्याचा थेंब तरंगत का राहतो याचं वर्णन योहान लायडनफ्रॉस्ट यांनी 1756 मध्ये केलं होतं, तोच हा प्रकार. म्हणून पातं तेलात सुरीने कापल्यासारखं पुढे-मागे हलवतात. आडवं हलवलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. तेल पन्नासेक अंशांना कोमट करून घेतात तेही याचसाठी, पातळ झालेलं तेल पात्याभोवती चपळ फिरतं. भांडं धातूचं आणि झाकणाचं हवं, आणि पातं पूर्ण बुडायला हवं. अर्धवट बाहेर राहिलं की पृष्ठभागावर जाळ उठतो.

मार्टेन्साइट मात्र लगेच बनत नाही. त्याची सुरुवात दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या आसपास होते. म्हणजे तेलातून काढलेलं, धूर सोडणारं पातं काही क्षण अजून ऑस्टेनाइटच असतं, वाकवलं तर वाकतं. जाड हातमोजे घालून बाक काढायची हीच वेळ. पुढे मार्टेन्साइट बनताना ते जास्त जागा व्यापतं, पातं आतून ताणलं जातं. पाण्यात विझवलेल्या पात्यातून कधी कधी बारीक ‘टिंग’ ऐकू येतं. तो तडा गेल्याचा आवाज. जपानी कटाना तलवारीचा बाक बराचसा याच फुगण्यातून येतो. पाठीला माती लिंपलेली असते, त्यामुळे धार कडक होऊन फुगते आणि पाठ मऊ राहते.

पातं थंड झालं की धारेवर कानस फिरवायची. पकडली तर कच्चं. काचेवरून घसरावी तशी घसरली तर काम झालं. या घडीला ते इतकं ठिसूळ असतं की हातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे होऊ शकतात. म्हणून लगेच ओव्हनमध्ये सुमारे 200 अंशांवर दोन तास, मग निववून पुन्हा दोन तास. थोडा कार्बन चौकटीतून सुटून अतिसूक्ष्म कार्बाइड बनवतो, ताण उतरतो. दुसरी फेरी कशाला? पहिल्या वेळी न बदललेलं थोडं ऑस्टेनाइट नंतर मार्टेन्साइट होतं, त्याचाही ठिसूळपणा काढायला हवा. रॉकवेल मापावर 64-65 असलेला कडकपणा आता 60 च्या आसपास येतो. पृष्ठभागावर गवती पिवळा रंग चढतो. तो ऑक्साइडच्या पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ. सुंदर असतो, पण वेळेप्रमाणेही बदलतो. त्यापेक्षा ओव्हनमध्ये वेगळा तापमापक ठेवावा.

हातोड्याने ठोकल्यावर पोलाद ‘दाबून घट्ट’ होतं असं अजूनही ऐकू येतं. तसं काही होत नाही. ठोकून आकार येतो, पट्टी कमी वाया जाते, आनंदही मिळतो. घनता तीच राहते. पट्टी कापून-घासून केलेली सुरी नीट विझवली असेल तर तसूभरही कमी नसते. बिघडण्याची शक्यता उलट शेवटच्या घासणीत जास्त. यंत्राच्या पट्ट्यावर केसाएवढी पातळ कड क्षणात तापते आणि ओव्हनमध्ये कमावलेला कडकपणा जातो. पाण्याची बादली शेजारी ठेवावी आणि पातं उघड्या बोटांनी धरावं. बोटाला चटका बसू लागला की बुडवायचं.

चांगल्या धारेच्या टोकाची जाडी एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, कमी असते. पाच सेंटिमीटर लांबीच्या एका मायक्रॉनच्या कडेवर एक किलोचा भार दिला तर दाब सुमारे दोन हजार वातावरणांएवढा होतो. कापलं जातं ते यामुळे, आणि कड झिजते तीही यामुळे. एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की दाढीचे केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही पात्याच्या कडेचे टवके काढू शकतात: केस वाकतो, कडेला तिरका भार देतो आणि रचनेत जिथे एकसारखेपणा नाही तिथून चीर सुरू होते.

भेटीच्या सुरीत आणखी एक प्रश्न असतो, घेणाऱ्याचा हात आपल्याला माहीत नसतो. तो पाट ठेवून कापेल की हाडावर घालेल? म्हणून मी कडकपणा जरा उतरवून आणि धार दर बाजूला वीसेक अंशांची ठेवून देण्याच्या बाजूचा आहे. कार्बन पोलाद गंजतं, हेही चिठ्ठीवर लिहून द्यावं: वापरलं की पुसून तेलाचा हात, आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडं दमटपणा धरून ठेवतं.

खोक्यात भरण्याआधी पितळी सळईवर धार टेकवून अलगद दाबत न्यावी. कड सळईवर वाकून परत सरळ झाली तर सुरी तयार. वाकून तशीच राहिली तर पातं मऊ राहिलंय. विझवण्यापासून सगळं पुन्हा. टवका उडाला तर ओव्हन पंधरा अंशांनी वाढवून आणखी दोन तास, नवी धार, आणि परत तीच सळई. मूठ बसवायची ती यानंतर.