सेमी-ऑटो रायफल: कंपनी निवडायच्या आधीचा इतिहास

ग्वाल्हेरच्या बंदुकीच्या दुकानांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो: सेमी-ऑटो रायफल घ्यायची तर या कंपनीची बरी की त्या? विचारणारा बहुधा अमेरिकेतले व्हिडिओ बघून आलेला असतो. तिथे हा वाद रास्त आहे, कारण दोन्ही रायफली एकाच भिंतीवर टांगलेल्या असतात. इथे दुकानदार बोल्टची, म्हणजे दर गोळीला दांडा हाताने मागेपुढे करायची, .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इथे इंचात) रायफल काढून समोर ठेवतो आणि विषय संपतो. तो का संपतो हे कळायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी एक खुलासा. सेमी-ऑटो म्हणजे खटका एकदा दाबला की एकच गोळी सुटते. रिकामं काडतूस बाहेर फेकणं, नवं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, चढवणं, घोडा ताणणं ही कामं रायफल स्वतः करते. खटका दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती ऑटोमॅटिक. बोलताना लोक दोन्हींना 'ऑटोमॅटिक' म्हणून मोकळे होतात. कायदा होत नाही.

'दोन कंपन्यांतून एक' हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो अमेरिकेत, १९०६-०७ च्या सुमारास, विंचेस्टर आणि रेमिंग्टन या कारखानदारांत. बंदुकांचा अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंग बरीच वर्षं आपल्या रचना विंचेस्टरला एकरकमी विकत असे. स्वयंचलित शॉटगनच्या वेळी त्याने विक्रीवर रॉयल्टी मागितली, विंचेस्टरने नकार दिला आणि १९०२ मध्ये संबंध तुटले. शॉटगन बेल्जियमच्या एफएन या कंपनीकडे गेली, रायफलचं पेटंट रेमिंग्टनकडे. ही रायफल १९०६ मध्ये बाजारात आली आणि पुढे 'मॉडेल ८' म्हणून ओळखली गेली. ब्राउनिंगच्या पेटंटांना वळसा घालण्याची वेळ विंचेस्टरवर आली, आणि टी. सी. जॉन्सन या त्यांच्या अभियंत्याने 'मॉडेल १९०५' व 'मॉडेल १९०७' काढली.

दोन्ही रायफली सेमी-ऑटो, पण आतून सर्वस्वी वेगळ्या. विंचेस्टरमध्ये बोल्टला कुलूपच नाही. गोळी सुटल्यावर मागे येणाऱ्या दाबाला रोखतं ते बोल्टचं नुसतं वजन आणि स्प्रिंग. म्हणून काडतूस जितकं जोरकस, तितका आतला लोखंडी गोळा जड. .३५१ बोअरची १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी मध्यम ताकदीची होती, तरी त्यासाठी नळीखालच्या लाकडी भागात चांगलंच वजन दडवावं लागलं. १९१० साली .४०१ काढली तेव्हा रायफल खांद्याला आणखी बसू लागली. ही रचना त्यापुढे फार ताणता येईना. रेमिंग्टनमध्ये नळी आणि बोल्ट एकमेकांना जखडलेले राहून बाहेरच्या नळकांड्याच्या आत दोघंही पूर्ण मागे सरकतात, मग सुटे होतात, नळी पुढे जाते आणि पाठोपाठ बोल्ट नवं काडतूस घेऊन जातो. सुटे भाग जास्त, साफसफाईचं काम जास्त, पण त्या कुलपामुळे .३५ रेमिंग्टनसारखं २०० ग्रेनचं दणकट काडतूस पचतं.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने निकाल मात्र रचनेने लावला नाही, काडतुसाने लावला. .३५ रेमिंग्टन पुढे लिव्हर रायफलींनीही (खटक्याभोवतीची दांडी ओढून भरायच्या) उचललं, म्हणून ते दुकानांत टिकलं. .३५१ एकट्या विंचेस्टरच्या आधारावर होतं. रायफल बंद झाली आणि काडतूसही दुर्मिळ झालं. नळीवर कुणाचंही नाव असो, काडतूस मिळेनासं झालं की ती भिंतीवर टांगायची वस्तू. हे आपल्याकडेही तसंच्या तसं लागू आहे.

आता हिंदुस्थान. व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि ब्रिटिश मुलखात बंदूक परवान्याखाली गेली. संस्थानांची व्यवस्था वेगळी होती, पण काडतुसं शेवटी ब्रिटिश बाजारातूनच यायची. सरकारची खरी भीती बंदुकीपेक्षा काडतुसाची होती: लष्करी कोठारातून फुटलेला माल खासगी रायफलीत चालता कामा नये. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवर बंदी आली ती याच कारणाने, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळ्या त्या व्यासाच्या होत्या. विलायती कारखानदारांनी लगेच .४६५, .४७० असे बोअर काढले. मोठ्या शिकारीच्या रायफलींची ही विचित्र अंकमाला त्या बंदीची देणगी आहे.

.३१५ चा जन्मही याच तर्कातून. लष्कराचं काडतूस .३०३, म्हणून ते खासगी हातात नको. मग ऑस्ट्रियाच्या ८ × ५० मिलिमीटरच्या, रिमवाल्या (बुडाला कडा असलेल्या) मानलिखर काडतुसावरून .३१५ घेतलं आणि त्यासाठी ली-एनफिल्डच्या धर्तीचीच बोल्ट रायफल बनवली. .३०३ चं खोकं (काडतुसाचं धातूचं आवरण) ५६ मिलिमीटर लांब, ते .३१५ च्या ५० मिलिमीटरच्या चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही, बोल्ट बंद होत नाही. सरकारला हवं होतं ते नेमकं हेच. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने हीच रायफल चालू ठेवली आणि पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने तिची २४४ ग्रेनची काडतुसं. भिंड-मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात 'रायफल' म्हटलं की आजही डोळ्यांपुढे तीच येते.

सेमी-ऑटो आपल्याकडे लोकांच्या नजरेत आली ती फौजेच्या हातात. १९६२ च्या चीन युद्धात पायदळाचा भर .३०३ बोल्ट रायफलीवर होता. त्यानंतर ईशापूरला ७.६२ मिलिमीटरची १ए१ रायफल तयार होऊ लागली, बेल्जियन एफएन-फाल रायफलीच्या घराण्यातली. हीच आपली एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल. नेमकं त्याच काळात, १ ऑक्टोबर १९६२ ला, १९५९ चा शस्त्र कायदा अमलात आला. त्याच्या नियमांतल्या पहिल्या अनुसूचीने सेमी-ऑटो शस्त्रं वर्ग १ मध्ये टाकली, आणि .३०३ किंवा ७.६२ चं लष्करी काडतूस ज्यात चालेल अशी कोणतीही रायफल, मग ती बोल्टची का असेना, त्याच वर्गात. या वर्गाची परवानगी कलेक्टर देऊ शकत नाही. विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाचा. विनापरवाना असं शस्त्र सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षं कैद. पिस्तुलं तेवढी सुटली: ती सेमी-ऑटो असूनही वर्ग ३ मध्ये आहेत, म्हणून .३२ चं पिस्तूल कलेक्टरच्या परवान्यावर मिळतं आणि सेमी-ऑटो रायफल मिळत नाही. नेमबाजीच्या ५० मीटर रायफल प्रकारातही दर गोळी हाताने भरावी लागते, त्यामुळे स्पर्धेच्या वाटेनेही सेमी-ऑटोची निकड दाखवता येत नाही.

तेव्हा इथला खरा पर्याय दोन बोअरमधला आहे: .३१५ की .३०-०६. दुसऱ्या नावावरून नेहमी गोंधळ होतो. .३०-०६ च्या गोळीचा व्यास आणि ७.६२ च्या गोळीचा व्यास एकच. पण खोकं एकाचं ६३ मिलिमीटर, दुसऱ्याचं ५१. लष्करी काडतूस तिच्यासाठी नाही, म्हणून .३०-०६ चालते. .३०८ विंचेस्टर मात्र ७.६२ ची जवळजवळ जुळी, म्हणून ती बंद.

.३०-०६ वेगवान आणि लांब पल्ल्याची. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार उरली नाही, आणि गावाकडच्या राखणीला तो पल्ला लागत नाही. उलट गोळी किती लांब जाईल ही काळजी वाढते. .३१५ संथ, जड गोळीची, आणि काडतूस या भागात सहज मिळणारं. आमचा कौल बहुतेकांसाठी .३१५ लाच. तिची एक खोड माहीत हवी: काडतुसाला मागे कडा आहे, त्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. उलटी बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट अर्ध्यावर थांबतो. .३०-०६ ला कडा नाही, तिथे ही भानगड नाही.

जुनी रायफल घेताना नळीत उजेड टाकून चेंबरलगतचे खड्डे बघा. तोंडाशी नळी चकाकते आणि आत सडलेली असते. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच हवा. बोल्ट बदललेला असेल तर बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यामधली फट वाढलेली असू शकते. चालवलेल्या काडतुसाच्या बुडाशी चकचकीत रेघ उमटली असेल तर खोकं तिथून तुटण्याच्या बेतात आहे असं समजा आणि बंदूकसाजाला दाखवल्याशिवाय पुढची गोळी घालू नका. जुन्या साठ्यातल्या काडतुसांच्या टोपीत (बुडाशी ठिणगी पाडणारा भाग) क्षार असतात. ते नळीत ओलावा ओढतात आणि नुसत्या तेलाने निघत नाहीत. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोत हेच क्षार पिस्टनपर्यंत पोचतात, आणि काडतुसांचा जोर कमीजास्त झाला तर ती अर्ध्यात अडकते; बोल्ट रायफलीत ती कसर हाताचा जोर भरून काढतो. गोळी सुटली नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. .३१५ चा परवाना घेऊन .३०-०६ उचलता येत नाही; आधी कलेक्टर कचेरीतून बदल करून घ्यावा लागतो. २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती, आणि परवाना पाच वर्षांचा आहे. त्याच दुरुस्तीने लग्नातल्या हर्ष फायरलाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत, जरी वरातीत अजून कुणाला ते आठवत नाही. निवडणुकीत शस्त्र ठाण्यात किंवा दुकानात जमा करायचा हुकूम निघाला तर पावतीवर नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. रायफल चामड्याच्या खोळीतून देऊ नका: चामडं ओल धरतं, आणि परत मिळते तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके आलेले असतात.