व्यावसायिक वाहन चालवण्याचा परवाना (नाशिक)

व्यावसायिक वाहन चालवण्याचा परवाना : माल किंवा प्रवासी वाहतुकीचे वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चालकाला लागणारी अनुज्ञप्ती. कायद्यात अशा वाहनाला ‘परिवहन वाहन’ म्हटले आहे. त्यात ट्रक, टेम्पो, टॅक्सी आणि एसटी तर येतेच. शिवाय शाळेची बस आणि कामगारांची ने-आण करणारी कंपनीची बसही येते. आडगाव नाक्यावर किंवा अंबडच्या कंपन्यांच्या गेटवर मात्र चालकाला एवढेच विचारतात, ‘हेवी (जड वाहनाचे लायसन) आहे का?’ नाशिकचे प्रादेशिक परिवहन कार्यालय (एमएच १५) पंचवटीत पेठ रोडवर आहे. मालेगावचे कार्यालय (एमएच ४१) वेगळे.

या विषयात सर्वाधिक गोंधळ एकाच समजुतीमुळे होतो : गाडीची पाटी पिवळी असली की लायसनही वेगळे लागते, ही ती समजूत. पिवळी पाटी, परमिट आणि फिटनेस या गाडीच्या गोष्टी आहेत, लायसन माणसाचे असते. आणि कोणते लायसन कोणत्या गाडीला चालेल हे मुख्यतः गाडीच्या वजनावर ठरते.

वजनाची रेषा

कायद्यातली महत्त्वाची रेषा ७,५०० किलोची आहे. मालवाहू गाडी किंवा बस यांच्या बाबतीत भरलेल्या गाडीचे मंजूर एकूण वजन धरतात. मोटारकार, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांच्या बाबतीत रिकाम्या गाडीचे वजन. या मर्यादेत बसणारे वाहन ‘हलके मोटार वाहन’, म्हणजे लायसनवरील एलएमव्ही. मालवाहू गाडीचे वजन ७,५०० ते १२,००० किलो असेल तर ती मध्यम आणि त्यापुढे जड. १९८८ च्या मूळ कायद्यात मध्यम माल, मध्यम प्रवासी, जड माल व जड प्रवासी असे लायसनचे चार वर्ग होते. नोव्हेंबर १९९४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते मोडून ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग केला. हा वर्ग लायसनवर ‘ट्रान्स’ म्हणून दिसतो. बोलण्यातून ‘हेवी’ काही गेले नाही.

नाशिकच्या रस्त्यांवर ही रेषा सहज दिसते. दिंडोरी-निफाडच्या बागांतून द्राक्षांचे क्रेट आणणारा पिकअप, गल्लीबोळात सिलिंडर पोचवणारा छोटा हत्ती, जुना ४०७, त्र्यंबक-घोटीकडे जाणारी काळी-पिवळी जीप हे सारे ७,५०० किलोच्या आत. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो घेऊन निघणारे किंवा लासलगावहून कांदा भरून दक्षिणेकडे जाणारे दहा, बारा, चौदा टायरचे ट्रक उघडच बाहेर. साध्या सहा टायरच्या दोन आसांच्या ट्रकला २०१८ पासून एकूण १८.५ टनांची मुभा आहे. शहरात सिटीलिंकच्या आणि एसटीच्या मोठ्या बसही रेषेच्या पलीकडच्या. फसगत होते ती ‘आयशर’ची. या एका नावाखाली चौदा फुटी हौद्याची पाच टनांची गाडीही येते आणि अकरा-बारा टनांचीही. पहिलीला एलएमव्ही पुरते, दुसरीला नाही. गाडीच्या लांबीवरून किंवा टायर मोजून ठरवण्यापेक्षा आरसी बुकातला एकूण वजनाचा आकडा पाहावा.

न्यायालयाचे निकाल

एलएमव्हीवर पिवळ्या पाटीचा टेम्पो चालवता येतो का, या प्रश्नाने विमा दावे वर्षानुवर्षे अडकून राहिले. अपघात झाला की कंपनी लायसन मागे आणि त्यावर परिवहनाची नोंद नाही म्हणून हात वर करी. अशा वेळी अपघात भरपाईचे दावे ऐकणारी न्यायाधिकरणे अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगत. म्हणजे एका पिकअपवर घर चालवणारा मालक बुडाला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ३ जुलै २०१७ रोजी मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितले की ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनाला वेगळी नोंद लागत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तसे कळवले. विमा कंपन्यांनी तरीही प्रश्न लावून धरला आणि तो पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात घटनापीठाने आधीचा निकाल कायम ठेवला. परिवहन वाहनांसाठीच्या जादा अटी ७,५०० किलोंवरच्या वाहनांच्या चालकांनाच लागू होतात, असे त्यात स्पष्ट आहे. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणारी वाहने यांचे विशेष नियम मात्र तसेच राहिले.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची गोष्ट थोडी निराळी. कांद्याच्या हंगामात लासलगाव-विंचूरच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. ट्रॅक्टरला मागे ट्रॉली जोडल्याने चालकाचे ट्रॅक्टरचे लायसन निकामी ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे. जेसीबी किंवा बोअरवेलचे यंत्र यांसाठी कायद्यात ‘विशिष्ट वर्णनाचे वाहन’ असा स्वतंत्र वर्ग आहे.

हेवी मिळवणे

वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत आणि एलएमव्ही लायसन किमान एक वर्ष हातात असायला हवे. मग परिवहन वर्गाचे शिकाऊ लायसन, ते सहा महिने चालते. पक्क्या चाचणीला तीस दिवसांनंतर बसता येते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र (नमुना १-अ) आणि मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र (नमुना ५) जोडावे लागते. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. पूर्वी आठवी पासची अट होती. तिच्यामुळे घाट कोळून प्यायलेले कितीतरी चालक कागदावर अपात्र ठरत. सप्टेंबर २०१९ मध्ये ती काढली, ते बरे झाले.

नियमांनुसार मध्यम व जड वाहनांचे शिक्षण किमान तीस दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे पंधरा तासांचे. चाचणीला त्याच वर्गाची चालू स्थितीतली गाडी उमेदवारानेच आणायची असते. स्वतःचा ट्रक कुणाकडे असतो? त्यामुळे ती ड्रायव्हिंग स्कूलचीच असते. खरे शिक्षण बहुतेकांचे क्लीनर म्हणूनच झालेले असते : आधी ताडपत्री आणि दोर, मग टायर, मग उस्तादाच्या नजरेखाली मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग. भरलेली गाडी कसारा घाटातून उतरवताना ब्रेकवर भिस्त न ठेवता खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर ती रोखायची, ही गोष्ट पेठ रोडवरच्या सपाट मैदानातल्या चाचणीत तपासली जात नाही. पंधरा तासांचा नियम अपुरा वाटतो तो याच कारणाने.

बॅज

रिक्षा, टॅक्सी, जीप आणि बस यांच्या चालकांना लायसनखेरीज प्रवासी वाहनाचा बिल्ला लागतो. सगळे त्याला ‘बॅच’ म्हणतात. तो महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ खाली मिळतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. चालकाखेरीज सहा प्रवाशांपर्यंतची गाडी मोटारकॅब, सात ते बारा प्रवाशांची मॅक्सीकॅब. नाशिकरोड स्टेशनवरून शिर्डी, वणीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या या दोनांतच मोडतात. मालवाहू चालकाला बॅज लागत नाही.

मुदत

परिवहन लायसनची मुदत २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षे होती, आता पाच आहे. कार्डावर दोन तारखा छापलेल्या असतात, एक खाजगी वाहनांसाठी आणि एक परिवहनासाठी. खाजगीची लांबची तारीख पाहून निर्धास्त राहिलेला चालक नाक्यावर अडकतो तो इथे. मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन चालू धरण्याची जुनी सवलत त्याच दुरुस्तीने गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी किंवा नंतर एका वर्षाच्या आत करता येतो. त्याहून उशीर झाला की चाचणी पुन्हा. लायसन नसताना गाडी चालवल्यास अधिनियमात ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. असल्या चालकाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकावरही स्वतंत्र कलम लागते.

धोकादायक माल

मनमाडजवळ पानेवाडीला इंधन कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून निघणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर बसायला नुसते हेवी पुरत नाही. चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवी, धोकादायक मालाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण हवे आणि तशी नोंद लायसनवर हवी. ही नोंद तीन वर्षे टिकते, नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी लागते. चालक संपावर गेले तर त्यांच्या जागी कुणालाही बसवता येत नाही, हे जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला दिसले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तिच्याविरुद्ध देशभर चालकांनी चाके थांबवली, पानेवाडीचे टँकरही उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीला केंद्र सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याखेरीज ते कलम लागू न करण्याचे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ ला संहिता अमलात आली ती हे उपकलम वगळून.